मंडपातली डिजिटल रांगोळी: टचडिझायनरची फुकट आवृत्ती किती पुरते?

गर्दीने मोबाइलवर बोट फिरवायचं आणि मंडपातल्या पडद्यावर रांगोळी उमटायची, या खेळासाठी टचडिझायनर (हलती, प्रतिसाद देणारी चित्रं घडवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं का? घ्यावं. पण परभणी-हिंगोलीकडच्या मंडळात हा कार्यक्रम फसलाच, तर बहुधा सॉफ्टवेअरमुळे नाही, घरून उचलून आणलेल्या राऊटरमुळे फसेल.

फुकट आवृत्तीत चित्र १२८० × १२८० पिक्सेलच्या पुढे जात नाही. प्रोजेक्टरसाठी १२८० × ७२० धरा. रांगोळीला ते पुरतं, देणगीदारांची बारीक नावं मात्र फुटतात. सुपारी घेऊन काम करणार असाल तर परवाना विकतच घ्यावा लागतो. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. ते नसेल तर पीफाइव्ह जेएस या चित्रं काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर भागवा. तेही फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं.

टचडिझायनरची खरी मजा फीडबॅक टॉपमध्ये, म्हणजे आधीची फ्रेम नव्या चित्रात परत आणणाऱ्या घटकात आहे. एका बोटाची रेघ ४५ अंशांनी फिरवत आठ ठिकाणी उमटवली की कोणाच्याही वेड्यावाकड्या रेघांची रांगोळी होते. जुनी रेघ विरावी म्हणून दर फ्रेमला उजेड ०.९८ ने गुणला, तर सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगात ती अर्ध्या सेकंदात निम्मी होते. फारच घाई. ०.९९५ ठेवा, सव्वादोन सेकंद मिळतात. इथे एक हमखास चूक होते. पिक्सेल ८ बिटचेच (उजेड ० ते २५५ अशा पूर्णांकांतच) ठेवले तर २५५ वरून उतरणारा आकडा १०० च्या आसपास अडतो, कारण गुणाकार पूर्णांकात येताना पुन्हा तोच आकडा मिळतो. मग पडद्यावर करड्या सावल्या साचत जातात. १६ बिट फ्लोट (दशांशही धरणारे पिक्सेल) केलं की त्या जातात.

आता राऊटर. टचडिझायनरमधला वेब सर्व्हर डॅट हा घटक फोनला पान देतो आणि वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, बोटाची जागा घेतो. लॅपटॉप राऊटरला केबलनेच जोडा आणि त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. तो बदलला की छापलेला क्यूआर कोड रद्दीत. विंडोजची फायरवॉल या सर्व्हरचा पोर्ट (जोडणीचं दार) अडवत नाही ना, तेही बघा. डीएचसीपी लीज, म्हणजे राऊटरने फोनला दिलेल्या पत्त्याची मुदत, २४ तासांची असेल तर ३० मिनिटांवर आणा, नाहीतर येऊन गेलेल्यांचे पत्ते अडकून राहतात आणि आरतीनंतर आलेल्यांना जागाच उरत नाही. अँड्रॉइड फोन ‘इंटरनेट नाही’ म्हणत गुपचूप मोबाइल डेटावर सरकतो आणि पान उघडत नाही. ‘डेटा बंद करा’ ही पाटी क्यूआरपेक्षा मोठी हवी. फोन तिरका करून रंग बदलायची हौस सोडा: त्याला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) लागतं, आयफोनला वर परवानगीचं बटणही.

चाळीस फोन सेकंदाला ६० निरोप पाठवू लागले की २,४०० होतात. ते वाचणारं टचडिझायनरमधलं पायथॉन चित्राच्याच रांगेत उभं असतं, म्हणून चित्र अडखळतं. फोनच्या पानातच सेकंदाला १५ ची मर्यादा घाला.

लाइट गेली की लॅपटॉप तग धरतो, राऊटर नाही. त्याच्यापुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या.

आणि मोकळी लेखणी देऊ नका. आठ पाकळ्या असल्या तरी एका पाकळीत नाव आणि बदाम काढता येतोच, निवडणुकीच्या साली त्याहून वाईट काही. बोटाखाली पैठणीतला मोर, कमळ असे पाच-सहा ठसे द्या. पडदा पुसायची एक कळ लॅपटॉपवर ठेवा, आणि ती कुठली हे किमान दोन कार्यकर्त्यांना ठाऊक असू द्या.