पोलराइज्ड म्हणून इन्फ्रारेड सेन्सर गळ्यात मारला: ६९,३८४ रुपये बुडाले

२४ फोटो सेन्सर (समोरून वस्तू गेली की प्रकाशावरून ओळखणारे), नग २,४५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ६९,३८४ रुपये, सगळे आगाऊ. आगाऊ का दिले म्हणून विचारू नका; भोसरीत छोटं पॅकिंग युनिट चालवणाऱ्याला उधारीवर सेन्सर कोण देतो? त्यात डिस्पॅच अडकलेलं. खोक्यावर नामांकित परदेशी कंपनीचं लेबल, सील, होलोग्राम, सगळं जागच्या जागी होतं.

आमच्या कन्व्हेयरवर चकचकीत पत्र्याचे डबे धावतात. तिथे साधा रेट्रो, म्हणजे समोरच्या रिफ्लेक्टरवरून परतणारा प्रकाश अडला की वस्तू आली असं समजणारा सेन्सर, चालत नाही. डब्यावरून परतलेला प्रकाश त्याला रिफ्लेक्टरचाच वाटतो आणि डबा समोर असूनही तो लाइन मोकळी दाखवतो. थ्रू-बीममध्ये प्रकाश सोडणारा एका बाजूला आणि घेणारा दुसऱ्या बाजूला, त्याला पलीकडे वायर न्यावी लागते, तेवढी जागा नाही. म्हणून पोलराइज्ड. रिफ्लेक्टर प्रकाशाचं ध्रुवीकरण फिरवून परत पाठवतो, पत्रा तसं करत नाही, आणि सेन्सर फिरलेला प्रकाशच घेतो.

पहिला नग जोडला तेव्हाच हे उघडं पडायला हवं होतं, ही चीड अजून जात नाही. रिफ्लेक्टरपुढे तळहात धरला, लाल ठिपका कुठेच नाही! पोलराइज्ड सेन्सरचा लाल प्रकाश डोळ्यांना दिसतो. आत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड होता, म्हणजे साधाच रेट्रो. इलेक्ट्रिशियन बोललाही, "साहेब, लाइट दिसत नाही." पण पुठ्ठा आडवा धरला की आउटपुट बदलत होतं, मग शंका घ्यायची कशाला? पुठ्ठ्यावर भंगारातला सेन्सरही चालतो. तुमचा स्वतःचा माल, चकचकीत बाजू समोर करून धरा. आमचे डबे रात्रपाळीत एकमेकांवर चढले, तेव्हा कळलं.

चौकीत सांगितलं, "सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा." सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग फ्रॉड कसला? धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं दारही बंद. अधिकृत डीलरने सिरियल नंबर पाहून "आमचा नाही" म्हटलं, पण लेखी देईना. जीएसटी पोर्टलवर विक्रेत्याचा नंबर टाकला, तर नोंदणी कधीच रद्द झालेली! म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं १०,५८४ रुपयांचं क्रेडिटही (आमच्या करातून वळतं होणारं) गेलं. खोटं बिल फाडणारा मोकळा आणि खुलासे आम्ही द्यायचे. वेळच्या वेळी कर भरणाऱ्याने मग जायचं तरी कुठे?

विक्रेत्याचा जीएसटी नंबर पैसे पाठवण्याआधी तपासा, दोन मिनिटं लागतात. सिरियल नंबरचा फोटो आधी मागवून डीलरला दाखवा. नुसत्या होलोग्रामवर जाऊ नका. तोच विक्रेता आता वेगळ्या नावाने, मालाच्या त्याच फोटोसह, नग २,३९० रुपयांनी विकतोय.