अलॉय व्हीलवर काढता येणारं रबर कोटिंग: सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

चारही अलॉय, समोरची ग्रिल आणि दोन्ही आरशांची कव्हरं, एवढ्यावर मी जानेवारीत घरच्या घरी स्प्रेचं रबर कोटिंग चढवलं. काळं, मॅट. त्यानंतर गाडीने अख्खा उन्हाळा उघड्यावर काढला आणि आता पावसाळाही निम्मा सरत आलाय. घरी करण्यासारखं काम आहे का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर आहे: जरूर करा, पण थर जाड द्या. पुढे जे काही लिहितोय ते सगळं शेवटी याच एका गोष्टीपाशी येतं.

हे मूळचं अमेरिकेतलं. मिनेसोटातली प्लास्टी डिप कंपनी 1972 ची. पक्कड, पाने यांच्या मुठी बुडवून काढायचं पातळ रबर ही तिची ओळख. पुढे ते स्प्रेच्या डब्यात आलं आणि गाडीवाल्यांनी उचललं. आता त्याच जातीचे डबे आपल्याकडेही मिळतात. आत रबर सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं असतं. सॉल्व्हंट उडून गेलं की रबराची सलग कातडी मागे राहते. खालच्या रंगाला ती फक्त धरून बसते, रंगात मुरत नाही, म्हणून सोलून निघते. पण सोलताना ती स्वतः फाटायला नको असेल तर तिच्यात तेवढा दम हवा. दोन कोटांवर थांबलं तर कातडी इतकी पातळ होते की नखाने कण कण खरवडत बसावं लागतं, आणि मग लोक म्हणतात की हे निघत नाही. चार कोट कमीत कमी, पाच असले तर उत्तम. हॅचबॅकच्या चार चाकांना दोन डबे धरा, एकात भागवायला जाऊ नका.

पहिला कोट हलका. खालची चांदी अर्धीअधिक दिसत राहिली पाहिजे. तिथे झाकायची घाई केली की ओघळ येतात. दुसऱ्यापासून पुढचे कोट ओलसर चमक येईल इतके द्यायचे, मध्ये वीस ते तीस मिनिटं थांबायचं. डबा वीतभर अंतरावर धरून हात सतत चालता ठेवायचा, आणि सुरू करण्याआधी मिनिटभर नीट हलवायचा. टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचत गेलं की टायर झाकला जातो. पत्त्यांचा जुना कॅट यासाठी मास्किंग टेपपेक्षा बरा. टायरवर थोडं उडालंच तर वाळल्यावर चोळून निघतं. टेप मात्र शेवटचा कोट ओला असतानाच ओढायचा. वाळल्यावर ओढला तर कडेचं रबर टेपबरोबर उचलून येतं.

चाकं काढून स्टँडवर ठेवूनच मारा. ब्रेक डिस्कवर फवारा जाता कामा नये. नट जिथे घट्ट बसतात त्या खाचा आणि चाकाची हबला टेकणारी मागची बाजू कोरीच ठेवा. तिथे रबर दबलं तर नट सैल पडण्याची भीती असते. यात हयगय नको.

आता सोलापूरच्या हवेबद्दल. मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना हे काम हातात घेऊ नये. डब्यातून निघालेला थेंब पत्र्यापर्यंत पोहोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत, पॉलिश पेपरसारखा होतो. मी संक्रांतीच्या आधीचे, गड्ड्याच्या जत्रेच्या तयारीचे दिवस निवडले. सकाळचं दव उडाल्यावर ते ऊन चढेपर्यंतचा वेळ छान मिळतो. पोर्चमध्ये आधी पाणी शिंपडून धूळ बसवली. धुण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी शेवटच्या हाताला वापरू नका. जड पाण्याचे पांढरे डाग राहतात आणि रबर त्यांच्यावरच बसतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी आलेला दिवस गाठला. आणखी एक, टॉवेलच्या गावात राहतो म्हणून घरातला नवाकोरा टर्किश टॉवेल पुसायला घेऊ नका. त्याचे तंतू सुटतात आणि काळ्या मॅटमध्ये कायमचे दिसतात. मायक्रोफायबर घ्या, आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. आधीचा वॅक्स, ब्रेकची काजळी, हाताचं तेल, सगळं गेलं पाहिजे.

वासाला हलकं घेऊ नका. सॉल्व्हंट डोक्यात जातं आणि फवारा पेट घेतो. दोन्ही बाजूंनी मोकळी जागा हवी, जवळ गॅस गिझर किंवा देवाजवळचा दिवा चालू नको. कापडी मास्क धुळीला ठीक, या वाफांना कार्बन फिल्टरचाच मास्क लागतो. शिल्लक डबा उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका.

टिकलं कसं? चाकांवर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं. ब्रेकची काजळी आधी अलॉयच्या खोबणीत घट्ट बसायची, आता शॅम्पूच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने सुटते. उन्हाळ्याने काळा रंग किंचित राखाडी केलाय, तोही दक्षिणेकडे तोंड असलेल्या आरशावर जास्त. मॅटवर आपली मातकट धूळ लगेच दिसते, त्यामुळे धुणं वाढतं. पॉलिश किंवा वॅक्स लावून चमक आणायला जाऊ नका, डाग पडतात.

ग्रिलचा अनुभव वेगळा. कोटिंग झाल्यावर ऊस वाहतुकीच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या रस्त्याला बरंच फिरणं झालं, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीमागून उडणाऱ्या खड्यांनी ग्रिलवर दोन-तीन ठिकाणी बारीक छिद्रं पडली. छोटा खडा रबर झेलतं, धारदार खडा आरपार जातो. छिद्र होतं तोवर काही बिघडलं नव्हतं. एका सर्व्हिसिंगवाल्याने तिथे प्रेशरचा फवारा अगदी जवळून मारला आणि बोटभर रबर उलटून आलं. धुणाऱ्याला आधीच सांगा की कडांपासून लांब धर. दुरुस्ती सोपी निघाली: सुटलेलं कापून टाकलं आणि वरून तीन कोट दिले. नव्या कोटमधलं सॉल्व्हंट जुना थर मऊ करतं आणि दोन्ही एकजीव होतात. जवळून पाहिलं तरच जोड कळतो.

उजव्या आरशाचं कव्हर मी गेल्या महिन्यात मुद्दाम सोललं, खालचा रंग पाहायला. कडेला नखाने उचललं, मग दोन बोटांत धरून सावकाश ओढत गेलो. शाळेत हातावर वाळवलेला फेविकॉल निघायचा तशी सबंध कातडी एका ओढीत आली, फक्त टेपच्या रेषेजवळ, जिथे थर पातळ होता, तिथे काळे ठिपके उरले. त्यांच्यावर पुन्हा दोन जाड कोट मारले, रात्रभर वाळू दिले, सकाळी नव्या थराबरोबर जुने ठिपकेही निघून आले. खालचा मूळ रंग जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. खरं समाधान मला तिथे वाटलं.

बाईकच्या टाकीवर मात्र मारू नका. पेट्रोल या रबराला विरघळवतं. मेव्हण्यांच्या बाईकला झाकणाभोवती पेट्रोल सांडून सुरकुत्या पडल्या आणि तो भाग चिकट होऊन बसला. कारलाही पेट्रोलच्या झाकणाजवळचा भाग सोडलेला बरा. सगळी बॉडी रंगवायचा विचार असेल तर आरसीवर रंगाची नोंद असते हे लक्षात ठेवा. रंग बदलला की आरटीओत ती नोंद बदलून घ्यावी लागते. चाकं आणि ग्रिलला तो प्रश्न येत नाही. दिवे आणि नंबरप्लेट यांच्यावर काहीही मारायचं नाही. शिवाय अख्ख्या गाडीला डब्यांनी एकसारखी जाडी देणं फार कठीण, त्याला स्प्रे गन लागते. ते काम जाणकाराकडे द्यावं असं माझं मत आहे.

पावसाळा संपला की चारही चाकं सोलून पुन्हा करणार आहे, ऊस सुरू व्हायच्या आत. ग्रिलला या वेळी सहा कोट देईन.