शिमल्याची बॅग भरताना: एकच जाड जॅकेट की थरावर थर?

नाताळच्या सुट्टीत शिमल्याला जायचं ठरलं की घरात सगळ्यात जास्त चर्चा कपड्यांवर होते. तिकिटं कधीच काढून झालेली असतात, हॉटेल ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेलं असतं, पण कपड्यांचा ढीग जायच्या आदल्या रात्रीपर्यंत पलंगावरच असतो. मी अमळनेरचा. शिमल्याला दोनदा गेलो, दोन्ही वेळा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि दोन्ही वेळा आई, बायको, मुलगा असे सगळे मिळून. पहिल्या खेपेला माणशी एक जाडजूड, फुगीर जॅकेट नेलं. दुसऱ्या खेपेला, आईचं सोडून, बाकीची जॅकेटं घरी ठेवली आणि थर्मल (म्हणजे आतून, अंगाला लागून घालायचे उबदार कपडे), स्वेटर, वरून वारा अडवणारा पातळ विंडचीटर असा मेळ घातला. यंदा बऱ्याच ओळखीच्यांनी विचारलं म्हणून दोन्हींचा अनुभव सविस्तर लिहितो.

खानदेशातल्या माणसाला थंडी माहीत नाही असं अजिबात नाही. लाट आली की जळगाव-धुळ्याचा पारा सात-आठ अंशांवर येतो. सातपुड्यात डाब-मोलगीकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात. यावल-रावेरकडे केळीवाले थंडीच्या रात्री बांधावर धूर करून बागा सांभाळतात. पण आपली थंडी सकाळ-संध्याकाळची. अकरा वाजले, ऊन तापलं की स्वेटर खुंटीवर जातो तो दिवस मावळेपर्यंत. म्हणून आपल्याला सवय असते ती एकाच कपड्याची, सकाळी घालायचा आणि अकराला काढायचा.

शिमल्यात नेमका हाच हिशेब चुकतो. तिथे थंडी दिवसभर असते, पण एकसारखी नसते. पहाटे चार-पाच अंश, दुपारी दहा-बारा, हे आकडे मोबाइलवर कुणालाही दिसतात. न दिसणारी गोष्ट अशी की रिजवर, म्हणजे गावातल्या उंचावरच्या मोकळ्या चौकात, दुपारच्या उन्हात उभं राहिलं तर पाठ छान शेकते, आणि तिथून खाली मॉल रोडच्या सावलीच्या बाजूला आलं की कान दुखायला लागतात. खोलीत हीटर, दारात वारा. शिवाय गाव सगळं चढ-उताराचं. चढताना घाम येतो, थांबलं की गारठा भरतो. म्हणजे तुमच्या अंगातली गरज दिवसातून पंधरा वेळा बदलते.

जाड जॅकेटच्या बाजूनं बोलायचं तर बोलण्यासारखं बरंच आहे. भुसावळहून पंजाब मेल मध्यरात्र उलटल्यावर पकडायची असते. प्लॅटफॉर्मवर वारा सुटलेला असतो, मूल झोपेत असतं. तेव्हा चेन गळ्यापर्यंत ओढली की काम झालं. बर्फ पडलाच तर तो झटकला जातो, लोकरीच्या स्वेटरसारखा आत मुरत नाही. सकाळी आवरायला वेळ लागत नाही. आणि माझ्या आईचा खांदा आखडलेला आहे, हात डोक्याच्या वर जात नाही. तिला डोक्यातून घालायचा स्वेटर म्हणजे शिक्षाच. दुसऱ्या खेपेला मी थरांचं सगळं समजावून सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, “माले हाईच बरं शे. चेन लावी दिधी, व्हयनं.” तिचं बरोबर होतं. घरात असं कुणी असेल तर त्यांच्यासाठी पुढून उघडणारं जॅकेटच न्या, माझं पुढचं काही ऐकू नका.

आता माझं मत ज्या गोष्टीनं फिरलं ती सांगतो.

पहिल्या खेपेला आम्ही जाखूला पायी निघालो. जाखू म्हणजे शिमल्यातली सगळ्यात उंच टेकडी, २,४५५ मीटर, वर मारुतीचं देऊळ आणि १०८ फुटी मूर्ती. रिजवरून वाट निघते ती सरळ छातीवरची चढण. सकाळचे नऊ, देवदारांच्या सावलीत हात गारठलेले, म्हणून जॅकेट गळ्यापर्यंत बंद. दहा मिनिटांत आतून वाफ यायला लागली. चेन उघडली तर वारा थेट छातीवर, कारण आत फक्त सुती बनियन आणि शर्ट. बंद केली तर गुदमरायला होई. शेवटी काढलं आणि हातावर टाकलं. माझा एक हात मुलाच्या हातात, तो तेव्हा सहा वर्षांचा, दुसरा हात जॅकेटात. मुलानंही त्याचं काढलं, तेही माझ्याकडेच आलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन फुगीर जॅकेटं घेऊन चढायचं, ती सारखी घसरतात, एक बाही जमिनीवर लोळते, आणि तोल गेला तर कठडा धरायला हात मोकळा नाही.

जाखूची माकडं प्रसिद्ध आहेत. चष्मे, टोप्या सांभाळा असं तिथे सगळेच सांगतात. आम्ही चष्मे खिशात घातले होते, पण माझ्या जॅकेटच्या खिशात मुलासाठी घेतलेली शेंगदाण्याची चिक्की होती आणि ते जॅकेट हातावर लोंबत होतं. एका दांडग्या माकडानं मागून बाही धरून असा हिसका दिला की मुलाचा हात सुटला. चिक्की गेली त्याचं काही नाही. त्या उतारावर पोराचा हात सुटला, ते मला आजही आठवतं.

वर पोचलो तेव्हा पाठीचं बनियन पिळून काढावं इतकं ओलं होतं. देवळाच्या आवारात वारा खेळता. जॅकेट परत घातलं, पण ओलं सूत अंगाला चिकटलेलं, त्याच्यावर कितीही जाड घाला, ऊब येत नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि ओल्या कापडातून अंगातली उष्णता कोरड्यापेक्षा फार लवकर निघून जाते. मुलगा कुडकुडत होता. रात्रभर खोकला, दुसरा दिवस खोलीत गेला. जॅकेटचा तसा काही दोष नव्हता, ते पुरेसं गरम होतं. दोष एवढाच की ते एक तर सगळं अंगावर असतं, नाही तर सगळं हातात. मधली पायरीच नाही. घातलं तर घाम आणि काढलं तर हुडहुडी, असं पाच दिवस चाललं, आणि पाचही दिवस माझा एक हात कपड्यांचं ओझं वाहण्यात गेला.

थरांचं तत्त्व आपल्याला नवीन नाही. गोधडी म्हणजे दुसरं काय असतं? जुन्या लुगड्यांचे चार-पाच पदर एकावर एक घालून बारीक टाके मारलेले. कापड जुनं, पातळ, पण पदरांच्या मध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरते. अंगावर तेच करायचं, फक्त टाके न घालता, म्हणजे हवा तेव्हा एक पदर काढता येतो.

दुसऱ्या खेपेला आमचा क्रम असा होता. अंगाला लागून थर्मल, सुती नव्हे. त्यावर नेहमीचा शर्ट. त्यावर पुढून बटणांचा लोकरी स्वेटर. सगळ्यात वर पातळ विंडचीटर. हा शेवटचा थर लोक विसरतात आणि मग म्हणतात की थर करून काही फायदा झाला नाही. लोकर ऊब धरते, पण विणीतून वारा सरळ आत येतो. वारा अडवणारं काहीतरी वर पाहिजेच. घरात मोटारसायकलवर घालायच्या रेनकोटचा वरचा भाग असेल तर एखाद्या दिवसापुरता तोही चालतो, मात्र त्यात घाम बाहेर पडायला जागा नसते, म्हणून चढणीला तो नको.

फरक पहिल्यांदा जाणवला तो काल्का-शिमला गाडीत. १९०३ साली सुरू झालेली ही ९६ किलोमीटरची वाट, काल्का साडेसहाशे मीटरच्या आसपास आणि शिमला स्टेशन दोन हजारांच्या वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या आपण एका हवेतून दुसऱ्या हवेत जातो. त्यात वळणं इतकी की ऊन कधी डाव्या खिडकीत, कधी उजव्या. पहाटे काल्क्याला चारही थर अंगावर. सूर्य वर आला तसा विंडचीटर काढला, घडी करून मुठीएवढा झाला, पिशवीत गेला. बडोगच्या ११४३ मीटर लांब बोगद्यात गार हवा आत शिरली तेव्हा परत घातला. आधीच्या खेपेला याच डब्यात तीन जॅकेटं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि समोरच्या बाईंना पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

जाखूला पुन्हा पायीच गेलो. चढायच्या आधी रिजवरच स्वेटर काढून पाठीवरच्या लहान सॅकमध्ये टाकला. निघताना जरा गार वाटतं, वाटू द्यावं, शंभर पावलांत अंग तापतं. दोन्ही हात मोकळे, एका हातात मुलगा, दुसऱ्यात तिथे भाड्यानं मिळणारी काठी. वर पोचल्याबरोबर वारा लागायच्या आत स्वेटर आणि विंडचीटर चढवले. थर्मल थोडा ओला होता, पण अंगावरच वाळला. आम्ही वर तासभर निवांत बसलो.

थरांची कटकट नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी चौघांचं आवरायला अर्धा तास जास्त लागतो. मुलाला बाहेर लघवीला लागली की दोन चड्ड्यांची उतरंड. वस्तू जास्त म्हणून हरवतातही जास्त, आमचा एक हातमोजा कुठल्याशा दुकानात राहिला तो राहिलाच. काहींना थर्मल टोचतं, माझ्या बायकोला पहिले दोन दिवस टोचलं, मग तिनं ते उलटं करून, शिवण बाहेर ठेवून घातलं आणि प्रश्न मिटला. नवीन थर्मल न धुता नेऊ नका, घरी दोनदा धुतलं की मऊ पडतं.

बॅगेचं म्हणाल तर पहिल्या खेपेला नुसत्या जॅकेटांची एक वेगळी बॅग होती, दुसऱ्या खेपेला ती बॅगच नव्हती. दिल्लीत गाडी बदलताना ते फार जाणवलं. बाहेरचे कपडे रोज बदलायची गरज नसते, एक स्वेटर चार दिवस सहज जातो. माणशी दोन थर्मल आलटून पालटून पुरले. मुक्कामी पोचल्यावर एक धुवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचा आणि हीटरच्या समोर खुर्चीवर टाकायचा. हीटरवर नको, जळतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसानं लक्षात घ्यावी. परत आल्यावर या कपड्यांचं काय होतं? जाड जॅकेट खानदेशात वर्षाचे साडेअकरा महिने कपाटात जागा अडवतं. माझं मी एकदा भरीत पार्टीला घालून गेलो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजताना एक ठिणगी उडाली आणि दंडावर चवलीएवढं भोक पडलं, आतला पांढरा कापूस अजून त्यातून डोकावतो. थर्मल मात्र घरात रोज वापरात आहे. भावाच्या शेताला आठवडाभर रात्रीची लाईट असते, गव्हाला पाणी भरायला तो बाराला जातो, तेव्हा माझं थर्मल त्याच्या अंगावर असतं. विंडचीटर पहाटे गाडीवरून स्टेशनला जाताना कामाला येतो. खर्चाची तुलना करायची झाली तर मी ती अशी करीन.

तुमची सहल गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत गाडीत बसायचं अशी असेल, तर जाड जॅकेट वाईट नाही, कदाचित सोयीचंच. जानेवारीत भर बर्फात जाणार असाल तर जॅकेट एक असूच द्या, पण मग आत थर्मल घाला, सुती बनियन नको. लहान मूल सोबत असेल आणि पायी हिंडायचं असेल, तर माझं मत तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

खरेदीपुरतं सांगतो. थर्मल आणि विंडचीटर इथूनच घ्या, घालून, हात वर करून, खाली वाकून बघा. वाकल्यावर कंबर उघडी पडत असेल तर एक माप मोठं घ्या, वारा तिथूनच शिरतो. स्वेटर थंडीत आपल्या गावात तिबेटी-नेपाळी लोक लावतात त्या दुकानांत चांगले मिळतात. टोप्या, मफलर, शाली तिथे लक्कड बाजारात आणि मॉल रोडवर भरपूर आहेत, त्यासाठी बॅगेत जागा ठेवून जा. मोजे मात्र माणशी चार जोड इथूनच न्या आणि त्यातला एक जोड पिशवीत वरच ठेवा, कारण सावलीतल्या पायऱ्यांवरचं साचलेलं पाणी बुटात गेलं तर अंगावरचे चारही थर मिळून पाय गरम करू शकत नाहीत.