फुगवायची कयाक की कडक?

फ्लॅटमध्ये राहून मरळ-चिलापीसारखे मासे पकडायला कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) घ्यायची तर पहिला प्रश्न वजनाचा. प्लॅस्टिकची कडक सिट-ऑन-टॉप (जिच्या आत नाही, वर बसतात ती) साधारण 25 ते 35 किलो भरते, गाडीवर कॅरिअरही लागतो. फुगवायची जवळपास निम्म्या वजनाची, डिकीत मावते.

टिकण्यात मात्र कडकच सरस. काठावरचे बाभळीचे काटे, चिलापीच्या पाठीवरचे काटे, उघडे गळ, सगळेच फुगवायच्या कयाकच्या पीव्हीसीला भोकं पाडतात. पॅच आणि गोंद सोबत हवेतच. उन्हात ठेवली तर आतली हवा प्रसरण पावून जोड उकलतो, म्हणून काठावर येताच थोडी हवा सोडा. ओली घडी घातली की बुरशी.

वाऱ्यात फुगवायची जास्त भरकटते, छोटा नांगर लागतोच.

महिन्यातून एकदा, शांत तळ्यावर जाणाऱ्याला फुगवायची पुरते. दर आठवड्याला खडकाळ नदीत उतरणाऱ्याने कडकच घ्यावी. लाइफ जॅकेट दोन्हींत अंगावर हवं.