जपानी सुरी मागवताय? मिलिमीटर नंतर, आधी इन्व्हॉइस बघा

सुरी उत्तम आहे. 210 मिमीची ग्युतो (सर्व कामांची जपानी सुरी), शिरोगामी म्हणजे गंजणारं कार्बन पोलाद, काही महिन्यांनंतरही टोमॅटोची साल न दाबता कापते. लिंबू कापून तशीच ठेवली की तांबूस डाग पडतो, पावसाळ्यात तर लगेचच. लगेच कोरडी पुसायची, एवढंच पथ्य. माझी सगळी तक्रार कागदांबद्दल आहे.

पार्सल कस्टम्समध्ये अडकलं ते इन्व्हॉइसवर नुसतं 'नाइफ, 1 नग' लिहिल्यामुळे. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात आणि त्यांच्या आयातीला परवाना लागतो. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्याच नोंदीत वगळलेली आहेत. पण कागदावर 'किचन' हा शब्दच नसेल तर अधिकाऱ्याने ते ओळखायचं कशावरून?

म्हणून पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला सांगा, इन्व्हॉइसवर हे हवंच: स्वयंपाकघरातली सुरी, पात्याची लांबी आणि रुंदी मिमीमध्ये, एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) 8211.92, खरी किंमत. त्याच क्रमांकांत तलवारी-संगिनींचं शीर्षक 9307. त्यात गेलात की वाद वाढला.

9 इंच म्हणजे 228.6 मिमी. 210 आरामात बसते, 240 नाही. रुंदी मात्र कुणी बघत नाही! 2 इंच म्हणजे 50.8 मिमी, नाकिरी (भाजी कापायची चौकोनी सुरी) अगदी काठावर येते, चिनी क्लीव्हर (रुंद सुरा) सरळ ओलांडतो. शिवाय कुणी पातं टाचेपासून (धारेचं मुठीकडचं टोक) मोजतो, कुणी मुठीपासून. पट्टी ठेवून काढलेला फोटो मागून घ्या.

9 इंचांच्या आत राहिलं की काम झालं, असं आधी वाटायचं. आता मत बदललंय: मापापेक्षा वापर दाखवणं महत्त्वाचं. 240 हवी असेल तर खुशाल मागवा, पण उत्पादनाच्या पानाची प्रिंट तयार ठेवा. दुधारी किंवा स्प्रिंगने उघडणाऱ्या पात्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका.

कुरिअरवाले केवायसी मागतात, ड्युटी आधी भरून त्यावर स्वतःचं शुल्क लावतात, उत्तराला उशीर झाला तर गोदामभाडंही. मला ते पटत नाही. मी ईएमएस (टपालाची जलद सेवा) घेतो. ड्युटी पोस्टमनकडे भरायची, थोडा वेळ जास्त लागतो. ड्युटी किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) त्या ड्युटीसकट रकमेवर. तेव्हा महागडं शिपिंग दोनदा खिशाला लागतं.

विक्रेता 'गिफ्ट लिहू का?' विचारेल. ठाम नाही म्हणा. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेटवस्तूंना मिळणारी ड्युटीची सवलत बंद आहे. किंमत कमी दाखवली तर माल जप्त होऊ शकतो.

एवढं करूनही कस्टम्सने पार्सल नाकारलं, तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. लेखी आदेश मागा. तो मिळाल्यापासून 60 दिवसांत सीमाशुल्क आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते.