कंसात अडकलेली संख्या: ९९१ईएक्सचं ‘फॅक्ट’ बटण

कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएक्स या कॅल्क्युलेटरवर संख्येचे मूळ अवयव पाडायची ‘फॅक्ट’ नावाची सोय आहे, पण बटणावर बारीक अक्षरांत असल्यानं ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. संख्या टाकून आधी ‘बरोबर’ (=) दाबायचं, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण. देवळालीचे गणितज्ञ कापरेकर यांचा प्रसिद्ध अंक ६१७४ टाकला की लगेच २×३²×७³. मर्यादा दहा अंकांची.

घोळ कंसाचा आहे. १२३४५६७८९० टाकल्यावर २×३²×५×(१३७१७४२१) असं येतं. कंसातली संख्या मूळ धरून चाललात तर फसाल. यंत्र जास्तीत जास्त तीन अंकी मूळ संख्यांनीच, म्हणजे ९९७ पर्यंतच, भागून बघतं. पुढची मूळ संख्या १००९. उरलेला भाग १००९² पेक्षा, म्हणजे १०१८०८१ पेक्षा, लहान असेल तर तो मूळच असणार, म्हणून त्याला कंस नाही. त्यापुढे सगळ्यांना सरसकट कंस.

हा कंस फोडायला टेबल मोड, म्हणजे एका सूत्राच्या किमती ओळीनं मांडणारी सोय, फार कामाचा. फर्माची पद्धत वापरा, म्हणजे क्ष² मधून संख्या वजा करून पूर्ण वर्ग उरतो का ते बघा: फंक्शन √(क्ष²−१३७१७४२१), सुरुवात ३७०४ (वर्गमुळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या), शेवट ३७३०, पायरी १. दुसऱ्याच ओळीत, ३७०५ पाशी, नेमके ९८ येतात. म्हणजे अवयव ३७०५−९८ आणि ३७०५+९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. अवयव एकमेकांपासून लांब असले तर मात्र ही पद्धत रडवते. ओळी तीसच मिळतात. सेटअपमध्ये दुसरं फंक्शन बंद केलं तर ४५. जास्त मागितल्या की रेंज एरर.

४२९४९६७२९७, म्हणजे २³²+१, हा पाचवा फर्मा अंक (२ चा २ⁿ वा घात अधिक १, इथे n = ५). गणितज्ञ ऑयलरनं तो १७३२ मध्ये फोडला. यंत्र ६४१×(६७००४१७) दाखवतं, आणि इथे कंसातली संख्या खरोखर मूळ आहे. ते तपासणं सोपं, कारण या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ नं भागल्यावर १ बाकी ठेवतो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. ९९७ पर्यंतचे अवयव यंत्रानं आधीच तपासलेत, म्हणून टेबलमध्ये ६७००४१७÷क्ष, १०२५ ते २५६१, पायरी ६४. पंचवीस ओळींत काम संपतं. एकही भागाकार पूर्ण येत नाही. चौकटीतला आकडा गोळाबेरीज करून दाखवलेला असतो, म्हणून शंका आली की कर्सर तिथे नेऊन खालच्या ओळीतली पूर्ण किंमत वाचा.

अकरावा अंक आला की फॅक्ट हात वर करतं. २ चा ४० वा घात १.०९९५११६२८×१०¹² असा दिसतो. त्यातून १.०९९५×१०¹² वजा करा, ११६२७७७६ हे दडलेले अंक बाहेर येतात. आत पंधराच अंक साठवलेले असतात, तेव्हा त्याहून लांब संख्येचं शेपूट या मार्गानंही मिळत नाही.