वर्षाची तुळस, ओवा आणि हळद: अख्खी ठेवावी की दळून?

पावसाळ्याआधी बेगमी करताना घरोघरी हाच प्रश्न पडतो: अख्खं ठेवायचं की एकदाच दळून मोकळं व्हायचं? आणि ठेवायचं ते बरणीत, डब्यात की फ्रिजमध्ये? तिन्हींना एकच उत्तर लागू होत नाही. औषधी वनस्पतीचं सुगंधी तेल तिच्या कोणत्या भागात दडलंय, त्यावर सगळं ठरतं.

तुळशीचं तेल पानाच्या अगदी वरवर असतं. भिंगाखाली पान धरलं की बारीक चमकदार ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. बोटांत पान चुरलं की त्या फुटतात, म्हणून वास येतो. पूड करताना त्या एकजात फुटतात आणि युजेनॉलसारखे उडून जाणारे घटक हवेला मोकळे होतात. मागच्या वर्षी मी पानं सावलीत छान वाळवली, पण हौसेने सगळ्यांची पूड केली आणि प्लास्टिकच्या बरणीत भरून खिडकीपाशी ठेवली. गणपती येईपर्यंत पूड करडी पडली होती, वास नुसता वाळल्या गवताचा. बरणी मात्र दोनदा घासली तरी तुळशीचाच वास देत होती. तेल प्लास्टिकमध्ये मुरलं होतं! तेव्हापासून तुळस अख्ख्या पानांचीच ठेवते आणि काढा करताना हाताने चुरते.

ओव्याचं तसं नाही. त्याचं तेल दाण्याच्या सालीतल्या बारीक नळ्यांमध्ये बंद असतं, दाण्याच्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के, आणि त्यात मोठा वाटा थायमॉल या उग्र वासाच्या घटकाचा. दाणा फुटत नाही तोवर ते बरंच सुरक्षित राहतं. फक्त भाजून साठवू नका. भाजताना घरभर जो वास सुटतो, ते तेलच असतं.

हळदीत लोक फसतात, कारण पिवळेपणा कर्क्युमिनचा आणि वास तेलाचा. अंधारात ठेवलेली पूड वर्षानेही पिवळीधमक दिसते, पण नाकाजवळ नेली तर काही नाही. हळकुंडाचं तेल आतल्या पेशींत असतं. शिजवून नीट वाळवलेलं हळकुंड मोडलं की टणकन आवाज येतो आणि आत नारिंगी दिसतं. असं हळकुंड कोरडं राहिलं तर वर्ष सहज काढतं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत, त्यामागेही हाच विचार होता: तोंड बंद केल्यावर आत प्राणवायू राहत नाही, त्यामुळे किडा जगत नाही, आणि ऊन-वारा लागत नाही. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली.

शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वनौषधींची मुदत एक वर्ष सांगितली आहे आणि चूर्णाची फक्त दोन महिने. मी घरात हाच हिशोब धरते. दोन महिन्यांना पुरेल एवढीच हळद दळून आणायची, बाकी हळकुंडंच ठेवायची. गिरणीतून हळद गरम येते, ती लगेच डब्यात कोंबली तर आत वाफ धरते. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या.

आता भांडं. काचेची बरणी तेल शोषत नाही, पण उजेड अडवत नाही, म्हणून ती बंद कपाटातच हवी. स्टीलचा डबा उजेड अडवतो, पण झाकण सैल असेल तर हवा खेळत राहते. दोन्हींत निवडायचं झालं तर मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेईन आणि तो काठोकाठ भरेन, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवाच तेल बिघडवते. म्हणून एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान डबे बरे. गोणपाटाच्या पोत्यात हळकुंडं महिना-दोन महिने ठीक, पण कोकणात किंवा गोव्यात जूननंतर नको. दमट हवेत बुरशी धरते, आणि बुरशी लागलेली हळद उन्हात वाळवून वापरण्यासारखी राहत नाही, ती टाकायचीच.

शेगडीच्या वरची फळी सगळ्यात वाईट. तिथे रोज ऊब आणि वाफ दोन्ही लागतात. फ्रिज तुळशीच्या पानांना आणि दळलेल्या पुडीला उपयोगी पडतो, कारण थंडाव्यात तेल सावकाश उडतं. हळकुंड आणि ओवा यांना मात्र कोरडं कपाट पुरतं, फ्रिजमधली जागा अडवू नका. फ्रिजमधला डबा काढल्या काढल्या उघडलात तर बाहेरची दमट हवा आत शिरून गार पुडीवर पाणी धरते. तासभर ओट्यावर राहू द्या, मग झाकण काढा.